पोस्टग्रेसमध्ये क्वेरीच्या मेमरीची मर्यादा कशी ठरवावी

पोस्टग्रेस हा डेटाबेस चालवणाऱ्या सर्व्हरवर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, मंद होऊ लागल्या की बहुतेकांचा हात आधी ‘वर्क_मेम’ या मेमरीची मर्यादा ठरवणाऱ्या सेटिंगकडे जातो, आणि नेमका याच सेटिंगचा अर्थ सर्वांत जास्त वेळा चुकीचा लावला जातो. ही मर्यादा संपूर्ण क्वेरीची नसते, एका कनेक्शनची नसते आणि सर्व्हरची तर मुळीच नसते. क्वेरीच्या योजनेतल्या प्रत्येक सॉर्टला (ओळी क्रमाने लावण्याला) आणि प्रत्येक हॅशला (ओळी झटपट शोधण्यासाठी मेमरीत बांधलेल्या तक्त्याला) ती स्वतंत्रपणे लागू होते. शिवाय क्वेरी समांतर चालत असेल, तर कामाला लागलेल्या प्रत्येक प्रक्रियेला आपला वाटा पुन्हा वेगळा मिळतो.

हिशेब मांडला की धोका लगेच दिसतो. समजा, 16 जीबी मेमरीच्या सर्व्हरवर 4 जीबी शेअर्ड बफर्ससाठी, म्हणजे सर्व कनेक्शनांच्या सामायिक मेमरीसाठी, राखून ठेवली आहे आणि 4 एमबी हे वर्क_मेमचे मूळ मूल्य बदलून कोणीतरी 64 एमबी केले आहे. 15व्या आवृत्तीपासून ‘हॅश_मेम_मल्टिप्लायर’ हा हॅशसाठीचा गुणक मुळात 2 असतो, त्यामुळे हॅशला 128 एमबीपर्यंत मुभा मिळते. दोन हॅश जॉइन (हॅश वापरून टेबले जोडणे) आणि एक सॉर्ट असलेल्या क्वेरीची कमाल गरज 320 एमबी झाली. मुख्य प्रक्रिया आणि समांतर काम करणारे दोन वर्कर धरले तर 960 एमबी. आणि महिनाअखेरीस दहा जणांनी तोच अहवाल एकदम मागवला तर 9,600 एमबी. प्रत्येक क्रिया कमाल मर्यादेपर्यंत जातेच असे नाही, परंतु ज्या दिवशी जाते त्या दिवशी लिनक्सची मेमरी संपते आणि कर्नल एखादी प्रक्रिया थेट मारून टाकतो. मारली गेलेली प्रक्रिया पोस्टग्रेसची असेल, तर सामायिक मेमरी बिघडली असण्याच्या शक्यतेमुळे पोस्टग्रेस उरलेली सर्व कनेक्शनेही तोडतो आणि रिकव्हरी करून नव्याने सुरू होतो. एका अहवालापायी सगळ्यांचे काम थांबते. म्हणून केवळ डेटाबेससाठी असलेल्या सर्व्हरवर ‘व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी’ ही लिनक्सची सेटिंग 2 ठेवावी, म्हणजे लिनक्स मर्यादेपलीकडे मेमरी देऊ करत नाही. मग मेमरी कमी पडल्यास बहुधा तेवढीच क्वेरी चूक दाखवून थांबते आणि बाकीच्या चालू राहतात.

मूल्य बदलण्यापूर्वी मोजमाप करावे. ‘लॉग_टेम्प_फाइल्स’ 0 केल्यास मेमरीत न मावल्याने डिस्कवर सांडलेल्या प्रत्येक तात्पुरत्या फाइलची नोंद तिच्या आकारासह लॉगमध्ये येते; वर्दळीच्या सर्व्हरवर 0 ऐवजी 10 एमबीसारखा उंबरठा ठेवणे सोयीचे. ‘पीजी_स्टॅट_डेटाबेस’ या व्ह्यूमध्ये अशा फाइलींची एकूण संख्या आणि बाइट दिसतात, तर ‘पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स’ हे एक्स्टेन्शन बसवलेले असल्यास कोणती क्वेरी किती सांडते तेही कळते. आठवडाभराच्या नोंदी पाहिल्यावर दोष सगळीकडे आहे की मोजक्या क्वेरींत, ते स्पष्ट होते. माझ्या अनुभवात तो जवळजवळ नेहमी मोजक्या क्वेरींतच असतो.

त्या क्वेरींवर ‘एक्सप्लेन’ हा क्वेरीची योजना दाखवणारा आदेश ‘अ‍ॅनलाइझ’ आणि ‘बफर्स’ या पर्यायांसह चालवावा. अ‍ॅनलाइझमुळे क्वेरी खरोखर चालते, तेव्हा माहिती बदलणारी क्वेरी असेल तर ती ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून रोलबॅक करावी, म्हणजे बदल मागे घ्यावेत. उत्तरात सॉर्टची पद्धत ‘क्विकसॉर्ट’ दिसली तर ती मेमरीत झाली. ‘एक्स्टर्नल मर्ज’ दिसली तर डिस्कवर गेली. तिथे दिलेला डिस्कचा आकडा मात्र मेमरीची गरज समजू नये, कारण त्याच ओळी मेमरीत बऱ्याच जास्त जागा घेतात; डिस्कवर 100 एमबी दिसल्यावर 100 एमबी देऊनही सॉर्ट पुन्हा सांडते आणि माणूस गोंधळतो. हॅशच्या ओळीत ‘बॅचेस’ 1 असेल तर सर्व मेमरीत मावले. बॅचेस जास्त असतील, आणि विशेषतः ‘ओरिजिनली 1’ अशी भर असेल, तर प्लॅनरचा, म्हणजे योजना आखणाऱ्या भागाचा, अंदाज कमी पडला आणि वाटेत हॅशचा तक्ता तुकड्यांत विभागावा लागला असा अर्थ घ्यावा. बिटमॅप हीप स्कॅनमध्ये (टेबल वाचण्याच्या एका पद्धतीत) ‘लॉसी’ ब्लॉक, म्हणजे ज्यांतल्या नेमक्या ओळी लक्षात ठेवता आल्या नाहीत असे ब्लॉक, दिसणे हीसुद्धा मेमरी अपुरी पडल्याचीच खूण आहे.

अंदाज चुकला असेल तिथे मेमरी वाढवणे हा उपाय नव्हे. प्लॅनर वर्क_मेमचा आकडा पाहून खर्च मांडतो आणि त्यावरून हॅश की सॉर्ट हे ठरवतो, पण ओळींच्या संख्येचा त्याचा अंदाज टेबलबद्दल साठवलेल्या आकडेवारीवर उभा असतो. अंदाजित आणि प्रत्यक्ष ओळींत दहापट फरक दिसला, तर आधी त्या टेबलवर आकडेवारी ताजी करणारा ‘अ‍ॅनलाइझ’ हा स्वतंत्र आदेश चालवावा, आणि जिल्हा व तालुका यांच्यासारखे परस्परावलंबी स्तंभ असतील तर ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ने त्यांची एकत्र आकडेवारी ठेवावी. 13व्या आवृत्तीपूर्वी तर हॅश अ‍ॅग्रिगेटला (हॅशने ओळींचे गट करून बेरजा वगैरे काढणाऱ्या क्रियेला) डिस्कवर सांडताच येत नसे. अंदाज चुकला की ते मर्यादा ओलांडून मेमरी खात राही. अजून जुन्या आवृत्तीवर असणाऱ्यांनी केवळ या कारणासाठीही पुढे जावे. सॉर्टच्या क्रमाला अनुरूप इंडेक्स देणे आणि गरज नसलेले रुंद स्तंभ निवडीतून काढणे, यांनीही गरज पुष्कळ घटते.

एवढे करूनही मेमरी हवी असेल, तर ती जिथे हवी तिथेच द्यावी. सर्व्हरचे मूल्य लहान ठेवून अहवालाच्या ट्रान्झॅक्शनमध्ये ‘सेट लोकल’ने वर्क_मेम वाढवावे, ट्रान्झॅक्शन संपताच ते पूर्ववत होते. पूलर (अनेक क्लायंटांत मोजकी कनेक्शने वाटणारा प्रोग्राम) ट्रान्झॅक्शन पद्धतीने चालत असेल तर साधा ‘सेट’ वापरू नये, कारण वाढवलेले मूल्य त्याच कनेक्शनवर येणाऱ्या दुसऱ्याच क्लायंटला लागू होऊ शकते. अहवालांसाठी वेगळा रोल (डेटाबेसचा वापरकर्ता) असल्यास ‘ऑल्टर रोल’ने त्याच्यापुरते मूल्य ठरवणे अधिक स्वच्छ. आकडा लिहिताना एकक विसरू नये. ते नसल्यास पोस्टग्रेस तो केबीमध्ये मोजतो.

योजना आखतानाच्या मेमरीला वर्क_मेम लागू होत नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. शेकडो पार्टिशन, म्हणजे विभाग, असलेल्या टेबलवर नको असलेल्या विभागांची छाटणी होऊ शकली नाही, तर प्लॅनर प्रत्येक पार्टिशनचा विचार करतो आणि ती सगळी मेमरी त्या कनेक्शनच्या प्रक्रियेत खर्च होते. 17व्या आवृत्तीत ‘एक्सप्लेन’ला ‘मेमरी’ हा पर्याय मिळाला आहे, त्याने हा खर्च मोजता येतो. यावर उपाय म्हणजे पार्टिशनच्या स्तंभावरची अट क्वेरीत स्पष्ट लिहिणे. ‘एनेबल_पार्टिशनवाइज_जॉइन’ ही दोन टेबलांची पार्टिशन जोडीजोडीने जोडू देणारी सेटिंग मुळात बंद असते. ते चालू केल्यास योजना आखण्याचा खर्च वाढतोच, शिवाय पार्टिशनच्या संख्येनुसार वर्क_मेम घेणाऱ्या क्रियाही वाढू शकतात, म्हणून वरचा हिशेब पुन्हा मांडल्याशिवाय त्याला हात लावू नये.

शेवटी डिस्कचे रक्षण करावे. तात्पुरत्या फाइलींची जागा मर्यादित करणाऱ्या ‘टेम्प_फाइल_लिमिट’ला मूळ स्थितीत मर्यादाच नसते, त्यामुळे चुकून अट विसरलेला एखादा जॉइन संपूर्ण डिस्क भरू शकतो. मोजमापात दिसलेल्या सर्वांत मोठ्या वैध क्वेरीच्या दुप्पट मर्यादा घालावी. ती प्रत्येक प्रक्रियेला वेगळी लागू होते आणि ओलांडणारे ट्रान्झॅक्शन रद्द होते.