संधिप्रकाशातील निसर्गचित्राची चौकट
सूर्योदयाचे वा सूर्यास्ताचे छायाचित्र केवळ रंगीत आकाशाच्या बळावर उभे राहत नाही. म्हणून ट्रायपॉड लावण्यापूर्वी खडक, ओली वाळू किंवा पाण्याचा ओहोळ असे काहीतरी अग्रभागासाठी शोधावे आणि त्याची रेषा नजरेला प्रकाशाकडे नेईल अशा बेताने कॅमेऱ्याची उंची ठरवावी. आकाशात ढगांची रेलचेल असेल तर क्षितिज चौकटीच्या खालच्या तृतीयांशावर ठेवावे, प्रतिबिंब अधिक सरस असेल तर वरच्या. समुद्राचे क्षितिज मात्र कधीही तिरपे नसावे. परतणाऱ्या लाटेच्या रेषा टिपण्यासाठी शटर अर्धा ते एक सेकंद उघडे ठेवणे बहुधा पुरते. मिनिटभराच्या एक्स्पोजरने पाण्याचे निव्वळ धुके होते, जे मला फारसे रुचत नाही. सूर्य मावळल्यावर लगेच सामान आवरू नये, कारण उंचावरील ढगांवर रंग पुष्कळदा त्यानंतरच चढतो.