वाढदिवसाला ऑक्टोबरात कोकण: मधला दिवस रिकामा कसा ठेवायचा

माझ्या बायकोचा वाढदिवस ऑक्टोबरात असतो आणि त्यासाठी आम्ही दोघं आतापर्यंत दहाएक वेळा गुहागरला गेलो आहोत. मुलं त्या दिवसांत आजीकडे राहतात. दरवर्षी कुणीतरी मला सांगतं की ऑक्टोबरात कोकणात उकडून निघाल, आणि दुसरं कुणीतरी तीन दिवसांत बघायच्या दहा ठिकाणांची यादी पाठवतं. या दोन्ही सल्ल्यांनी मी आधी फसलो आहे. खाली लिहिलंय ते तीन रात्रींच्या मुक्कामासाठी आहे. गाव गुहागर धरलंय, पण समुद्राला लागून नारळ-पोफळीची वाडी असलेलं कोकणातलं कुठलंही गाव चालेल.

तारीख पंचांगातून काढा

कोजागरी ते वसुबारस हे अकरा-बारा दिवस सगळ्यात चांगले. दसऱ्याची गर्दी ओसरलेली असते, दिवाळीची सुरू व्हायची असते आणि बऱ्याच शाळांत सहामाही परीक्षा चालू असल्यामुळे कुटुंबं घरी असतात. हे दिवस दरवर्षी सरकतात. 2024 साली लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, 2025 साली 21 ऑक्टोबरला. त्यामुळे वाढदिवसाच्या तारखेला चिकटून राहू नका. चार दिवस पुढेमागे झालं तरी हरकत नाही, फक्त ते आधी घरी बोलून ठरवा.

या अकरा-बारा दिवसांतही कोजागरीनंतरचे पहिले तीन-चार दिवस मला सगळ्यात आवडतात, त्याचं कारण भरती-ओहोटी. किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, द्वितीयेला दीड. म्हणजे या दिवसांत दुपारनंतर पाणी मागे सरत जातं आणि पाच वाजता फिरायला उतरावं तेव्हा पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, रुंद आणि घट्ट मिळते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे ऐन संध्याकाळी भरती. शिवाय कृष्ण प्रतिपदा-द्वितीयेला सूर्य बुडाल्यावर थोड्याच वेळात मागे सुरूच्या झाडांवर चंद्र येतो. तो बघायला मुद्दाम काही करावं लागत नाही, फक्त वळून बसायचं.

कोजागरी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आली तर परतीच्या पावसाची शक्यता धरूनच चला. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर आहे आणि त्या सुमारास संध्याकाळी विजा होतात. गडगडाट ऐकू आला की पुळणीवर थांबायचं नाही, लगेच घरी यायचं. महिन्याच्या शेवटाला जात असाल तर हवामान खात्याचा इशारा बघून निघा. 2019 साली वसुबारसेच्या सुमारास अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ उठलं आणि कोकणात कापणीला आलेला भात पाण्यात गेला. आम्ही त्याआधी परतलो होतो, पण तेव्हापासून इशारा बघितल्याशिवाय मी गाडी काढत नाही.

जागा फोनवर ठरवा

फोटो बघून खोली घेऊ नका. मालकांना फोन करा आणि पाच गोष्टी विचारा. समुद्र पायी किती मिनिटांवर आहे? वीज गेली तर पंखा इन्व्हर्टरवर चालतो का? बसायला पडवी आणि झोपाळा आहे का? तिन्ही वेळचं खाणं घरीच मिळेल का? आणि त्या तारखांना दुसरा मोठा ग्रुप उतरणार आहे का? पाचवा प्रश्न लोक विचारत नाहीत. आम्हीही एका वर्षी विचारला नव्हता. शेजारच्या चार खोल्यांत ऑफिसची सहल उतरली होती आणि रात्री दीडपर्यंत स्पीकर चालू होता.

गुहागरात बऱ्याच घरी जेवण शाकाहारीच असतं. मासे हवे असतील तर तेही आधीच विचारा, म्हणजे जवळची खानावळ ते सुचवतील. समुद्र पायी पाच मिनिटांच्या पलीकडे असेल तर मी ती जागा घेत नाही, मग घर कितीही सुंदर असो. एकदा गाडीत बसावं लागलं की विश्रांतीचा दिवस हातातून गेला.

प्रवास

पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, पहाटे निघा. मुंबईकरांनी मांडवी किंवा जनशताब्दी एक्सप्रेसने चिपळूणला उतरावं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं.

मधला दिवस

पोचल्याचा दिवस प्रवासात जातो आणि तिसऱ्या दिवशी थोडं फिरायचं असतं. वाढदिवस साजरा करायचा तो मधल्या दिवशी, आणि त्या दिवशी कुठेही जायचं नाही. सांगायला हे सोपं आहे, पण मला जमायला चार वर्षं लागली.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट सांगतो. आम्ही दिवस मोकळा ठेवला होता. सकाळी पोहे झाले, चहा झाला, अकरा वाजले. मीच म्हणालो, "इतक्या लांब आलोच आहोत तर हेदवीला जाऊन येऊ." हेदवीला दशभुज गणपतीचं दर्शन घेतलं. तिथवर आलोच तर वेळणेश्वर. वेळणेश्वरला कुणीतरी सांगितलं की तवसाळहून फेरीबोटीत गाडी चढवून जयगडला जाता येतं. तेही केलं. परत आलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. आम्ही उतरतो त्या घरच्या काकूंनी वाढदिवसाचे म्हणून केलेले उकडीचे मोदक गार झाले होते. बायकोने एक खाल्ला, चांगला झालाय म्हणाली आणि मी बॅगेतून साडी काढेपर्यंत तिला झोप लागली होती. दिवसभरात तिने एकदाही तक्रार केली नव्हती, आणि मी गाडी चालवत असताना मला वाटत होतं की दिवस छान चाललाय. ते मला आजही लागतं.

‘इतक्या लांब आलोच आहोत तर’ हे वाक्य त्या दिवशी दोघांनीही उच्चारायचं नाही. आम्ही ते निघण्यापूर्वी घरीच ठरवतो. पण नुसतं ठरवून भागत नाही, कारण सकाळी दहा ते बारा या वेळात माणूस फार अस्वस्थ होतो. वर्षभर हाताला काम असलेल्याला रिकामं बसणं सहन होत नाही. काहीतरी वाया जातंय असं वाटत राहतं आणि त्या भरात गाडीची किल्ली उचलली जाते. हे तुम्हालाही होणार, दोघांनाही होणार. त्याला घाबरू नका आणि त्यावर उपाय म्हणून कुठे जाऊ नका. जेवण झालं, दुपारची झोप झाली की ते आपोआप जातं. दर वर्षी गेलं आहे.

तेवढे दोन तास निभवायला मी काय करतो ते सांगतो. किल्ली आदल्या रात्रीच घरमालक काकांकडे देऊन टाकतो. मग वाडीत जातो. पाऊस थांबल्यावर शिपणं, म्हणजे झाडांना पाणी देणं, सुरू झालेलं असतं. पाटाचं पाणी झाडाभोवतीच्या एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवताना काकांच्या मागे उभं राहिलं, एखादं आळं आपण नीट केलं की हाताला काम मिळतं आणि वेळही जातो. बायको झोपाळ्यावर वाचत असते किंवा नुसती बसलेली असते. आपण बेचैन आहोत म्हणून तिला बोलतं करायचं नाही, ही माझी स्वतःला ताकीद आहे.

दुसरी अडचण फोनची. वाढदिवस म्हटलं की मावश्या, आत्या, शाळेच्या मैत्रिणी, ऑफिस, सगळ्यांचे फोन येतात आणि प्रत्येकीला "कुठे आहात, काय बघितलंत?" याचं उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर देता देता आपण काहीच बघितलं नाही याचं ओझं पुन्हा डोक्यावर बसतं. म्हणून नातेवाइकांना आदल्या दिवशी मीच कळवतो की उद्या सकाळी नऊ ते दहा फोन करा. त्या तासात ती सगळ्यांशी मनसोक्त बोलते, नंतर दोघांचे फोन खोलीत राहतात. मुलांकडे आणि आजीकडे काकांचा नंबर दिलेला असतो, त्यामुळे काळजी राहत नाही.

तिसरी गोष्ट निर्णयांची. आमच्या घरी आज काय करायचं, किती करायचं, कोणाला काय चालतं, हे रोज तिच्याच डोक्यात असतं. सुट्टीत तिला "काय खायचंय? कधी निघू या?" असं विचारत राहिलं तर ते काम तसंच चालू राहतं, फक्त गाव बदलतं. म्हणून मधल्या दिवसाचं सगळं खाणं मी आदल्या रात्री काकूंशी बोलून ठरवतो. सकाळी घावणे आणि नारळाची चटणी, दुपारी वालाचं बिरडं, भात, सोलकढी आणि उकडीचे मोदक, रात्री नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. तिला काय आवडतं हे इतक्या वर्षांनी आपल्याला माहीत असायलाच हवं. माहीत नसेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी विचारून घ्या, तिथे जाऊन नको.

औक्षण मात्र चुकवू नका. घरात प्रत्येकाच्या वाढदिवसाला तीच ताट तयार करते, निरांजन लावते, ओवाळते. तिच्या स्वतःच्या वाढदिवसाला सकाळी घाईत काहीतरी उरकलं जातं. मी काकूंना आधी सांगून ठेवतो. सकाळी आंघोळ झाली की त्या तिला पाटावर बसवतात, कुंकू लावतात, सुपारी आणि अंगठीने ओवाळतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा बायकोला रडू आलं, कारण आई गेल्यापासून तिला असं पाटावर बसवून कुणी ओवाळलं नव्हतं. साडी मी आता त्याच वेळी देतो, रात्रीवर ठेवत नाही.

केक नेऊ नका. सहा-सात तासांच्या प्रवासात ऑक्टोबरच्या उन्हात त्याचं काय होतं ते मी एकदा पाहिलंय. खोलीत फुगे आणि पाकळ्या पसरून ठेवण्याचा सल्लाही ऐकू नका, सकाळी ते झाडायला त्या घरच्याच बाईला वाकावं लागतं. आणि सरप्राइज म्हणून कुठे जायचं तेच लपवून ठेवण्याच्या मी ठाम विरोधात आहे. कुठे जायचंय हे माहीत असलं की ती आपले कपडे, आपली औषधं, आपलं पुस्तक नीट घेऊ शकते. शिवाय महिनाभर वाट बघण्यातला आनंद तिच्या वाट्याला येतो तो वेगळाच.

दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. ऑक्टोबर हीट खरीच असते आणि समुद्रकाठच्या दमट हवेत ती जास्त जाणवते. जाड भिंतींच्या, वर कौलं असलेल्या घरात पंख्याखाली झोप मात्र छान लागते. इतकी गाढ दुपारची झोप मला वर्षभरात दुसरीकडे कुठेही लागत नाही.

पाचला समुद्रावर जा. चपला वाडीच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, काढल्या तरी चालतात. सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो. पाय ओले करा, घोट्याएवढ्या पाण्यातून असगोलीच्या दिशेने चालत राहा, पण ओहोटीच्या वेळी पोहायला आत शिरू नका. तेव्हा पाणी आत ओढतं आणि वरून ते दिसत नाही. आम्ही हा सगळा वेळ फारसं बोलत नाही. एकदा चालता चालता तिने अचानक नोकरी सोडायचा विचार सांगितला, जो ती सहा महिने मनात घेऊन होती. घरी तेवढी सलग दोन तासांची शांतता आम्हाला मिळालीच नव्हती.

तिसरा दिवस

एकच ठिकाण, सकाळी, आणि जेवायला परत. हेदवीचं मंदिर किंवा अंजनवेलचा गोपाळगड, दोन्ही नकोत. हेदवीच्या बामणघळीत पाणी उडतं ते भरतीला, आणि कोजागरीनंतरच्या या दिवसांत भरती भर दुपारी येते. त्यासाठी उन्हात खडकावर ताटकळू नका. संध्याकाळी गावातच व्याडेश्वराला जाऊन या, तिथून चालत समुद्रावर.

परत

नाश्ता करून सातला निघा, घाट ऊन चढण्याआधी पार होतो. कोयनानगरला चहाला थांबा. चारपर्यंत घरी पोचलात तर बॅगा उघडायला, कपडे भिजवायला वेळ मिळतो. दुसऱ्या दिवशी लगेच ऑफिस ठेवू नका, एक रजा जास्त टाका. आणि त्या रात्री मुगाच्या डाळीची खिचडी तुम्ही टाका. तूप, भाजलेला पापड, लोणचं, एवढं पुरतं.