पहिली पायरी साडेचार इंच, शेवटची साडेसात: सेक्शन काढताना या चुका टाळा

साताऱ्याकडच्या एका बंगल्याची फरशी बसल्यावर मी जिना चढलो आणि शेवटच्या पायरीला ठेचकाळलो. मिस्त्री म्हणाला, "साहेब, नकाशात सगळ्या सहाच्याच हायेत." होत्याच, आणि नकाशा माझाच होता. टेप लावला. पहिली साडेचार इंच, मधल्या सगळ्या सहा, शेवटची साडेसात.

मजल्याची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच; सहा इंचांच्या २० पायऱ्या. कागदावर हिशेब चोख. पण खोलीत माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) आणि टाइल मिळून तीन इंच चढले, पायरीवरचा ग्रॅनाइट मालासकट दीड इंचात बसला. खालची जमीन तीन इंच वर आली आणि पहिली पायरी दीडच, म्हणून ती बुटकी झाली. वरच्या मजल्यावर नेमकं उलटं: तिथली जमीन तीन इंच चढली, तिच्या खालची पायरी दीडच, म्हणून शेवटची उंच झाली. सगळ्या पायऱ्या तयार झाल्यावर सहाच्या हव्या असतील, तर सेंट्रिंग (काँक्रीटचा साचा) लावतानाच कच्ची पहिली पायरी साडेसात आणि शेवटची साडेचार ठेवावी लागते. प्लॅनमध्ये, म्हणजे वरून पाहिलेल्या चित्रात, हे कधीच दिसत नाही. माझ्या सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या चित्रात, दिसायला हवं होतं, पण मी स्लॅबची एक जाड रेघ मारली होती. फरशीची रेघच नव्हती.

जिना ओतून झालाय, फरशी अजून बाकी आहे, तर वाचता येतं. पायऱ्यांवरही मालाची जाडी वाढवून तीन इंच भरा, सगळ्या सारख्या होतात. मात्र वजन वाढतं, तेव्हा आधी आरसीसी डिझायनरला विचारा. किंवा खोलीतली फरशी ॲडहेसिव्हवर बसवून तिचीच जाडी कमी करा. त्यासाठी स्लॅब बऱ्यापैकी समतल लागतो, आणि तसा तो क्वचितच असतो!

दुसरी चूक सेक्शनची रेघ, म्हणजे इमारत कुठून कापायची ती, मारतानाच होते. मंजुरीच्या नकाशात ती बहुतेक वेळा हॉल आणि बेडरूममधून जाते, कारण तिथे काढायला सोपं. काही ठिकाणी तर मागच्या कामाचा सेक्शन उचलून चिकटवलेला असतो. रेघ जिन्यातून आणि संडास-बाथरूममधून न्या. एका रेघेत दोन्ही येत नसतील तर दोन सेक्शन काढा. जिन्याखाली संडास काढायचा हट्ट मालकाचा असतोच. वरच्याच हिशेबाने मधला चौक (जिना वळतो ती सपाट जागा) तयार फरशीपासून पाच फुटांवर येतो, त्यातून त्याचा स्लॅब वजा केला की खाली साडेचार फूटही उरत नाहीत. प्लॅनमध्ये भांडं, बेसिन, दार सगळं झकास बसतं. सेक्शन काढला की मालक स्वतःच म्हणतो, राहू दे, स्टोअर करू.

संडासाचं तसंच. भारतीय पद्धतीचं भांडं असेल तर ट्रॅपसाठी (पाणी धरून वास अडवणारा वाकडा पाइप) स्लॅब साधारण फूटभर खाली घ्यावा लागतो. तो खालच्या खोलीच्या डोक्यावर लोंबतो. खाली किचन असेल तर ओट्यावरचं कपाट कुठे संपणार, हे तेव्हाच बघून ठेवा.

उंचीचा हिशेबही कच्च्या स्लॅबपासून करू नका. १० फुटांतून पाच इंची स्लॅब आणि तीन इंच फरशी गेली की ९ फूट ४ इंच उरतात. राष्ट्रीय इमारत संहितेत साध्या राहत्या खोलीला तयार फरशीपासून छतापर्यंत किमान २.७५ मीटर लागतात, म्हणजे ९ फुटांच्या किंचित वर. वरून कुणी आठ इंच जिप्सम सीलिंग उतरवलं की नियम मोडलाच. १८ इंची बीमखाली तर ८ फूट ३ इंचच मिळतात.

दाराची चौकट सात फुटी आणि लिंटेल (दारावरची आडवी तुळई) कच्च्या स्लॅबपासून सात फुटांवर, ही तर रोजची गोष्ट. फरशी झाल्यावर चौकट खालून कापतात.

जोत्याचं चित्र रस्त्याशिवाय काढू नका. आजूबाजूच्या जमिनीपासून जोतं किमान ४५० मिलिमीटर हवं, पण गल्लीतला रस्ता दर डांबरीकरणात वर चढतो. मागच्या संडासापासून रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत ६० फूट असतील आणि पाइपला १:६० उतार द्यायचा असेल, तर तो एक फूट कुठून आणणार, हे सेक्शनमध्येच कळतं. कोकणात उताराच्या जागेवर तर जमिनीची रेघ सरळ आडवी मारणारा मनुष्य मला अजून भेटतो. मग मागची भिंत मातीत रुतते आणि पावसाळ्यात आतून पाझरते.

गच्चीचंही बघा. १:१०० उतार म्हणजे १० मीटरमागे १० सेंटिमीटर, शिवाय पाणी जाण्याच्या तोंडाशी कोब्याची (उतारासाठी स्लॅबवर घातलेल्या थराची) मूळ जाडी. स्लॅबपासून मीटरभर बांधलेला कठडा कोबा आणि टाइल झाल्यावर पोरांच्या छातीऐवजी कमरेला येतो.

हल्ली मी प्रत्येक मजल्यावर, कॉलमचे साचे निघाले की, तयार फरशीपासून एक मीटरवर पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन लाल रेघ मारून घेतो. सेक्शनवरही तीच रेघ. प्लंबर, फरशीवाला, खिडकीवाला, सगळे तिथूनच मोजतात. रेघेवर प्लास्टर चढायच्या आत ती चौकटीवर उतरवून ठेवा, नाहीतर पुन्हा मिस्त्रीची वीत.