कारखान्यातलं घर कोकणात उतरवण्याआधी

पुण्याकडच्या कारखान्यात बांधलेलं घर माणगावजवळच्या आमच्या वाडीत बसवलं, त्याला आता दोन पावसाळे झाले. विचारणारे आधी टाइल्स आणि रंगाचं विचारतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी रस्ता मोजा.

मोजपट्टी घेऊन डांबरी रस्त्यापासून जागेपर्यंत स्वतः चालत जा. गाडीची कायदेशीर रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट. खोली त्याहून रुंद हवी असेल तर वाहतुकीची वेगळी परवानगी लागते, नाहीतर ती दोन तुकड्यांत आणून जागेवर जोडावी लागते. लोंबणाऱ्या विजेच्या तारा, मोरीवरचा पूल, आंब्याच्या आडव्या फांद्या, सगळं वहीत लिहा. ४० फुटी ट्रेलर ताम्हिणीच्या वळणांवर वळेल का, हे त्या चालकालाच विचारा. क्रेनला पाय टेकायला घट्ट जमीन लागते. भाताच्या खाचरात ती रुतते.

कागदपत्रं त्याच्या आधी. सातबारा, मोजणीचा नकाशा, बांधकामाची परवानगी. घर उचलून नेता येतं म्हणून परवानगी लागत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. महावितरणच्या मीटरचा अर्जही तेव्हाच टाका.

जोत्यावर मात्र जीव लावा. कारखान्यातून अँकर बोल्टचा, म्हणजे घर जोत्याला आवळून धरणाऱ्या, काँक्रीटमध्ये रोवलेल्या बोल्टचा, नकाशा हातात आल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नका. गवंड्यासोबत उभं राहून दोन्ही कर्ण मोजा, ते सारखेच भरले पाहिजेत. आमचे दोन बोल्ट पाऊण इंच सरकलेले निघाले. खोली हवेत लटकलेली, क्रेनचं भाडं चढतंय आणि खाली ग्राइंडर चाललाय, असे तीन तास गेले. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात, म्हणून मार्चमध्ये जोतं आणि एप्रिल-मेमध्ये घर, असा हिशेब धरा. बोल्टवर पैसे वाचवू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने इथले पत्रे कसे उडवले ते आम्ही पाहिलंय, आणि पफ पॅनेलचं (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या भिंतींचं) घर विटांच्या घरापेक्षा कितीतरी हलकं असतं.

कारखान्यात निदान दोनदा जा. पहिल्यांदा भिंती बंद होण्याआधी: वायरिंग आणि पाइपांचे फोटो काढा, वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यावर प्रायमर लागलाय का ते बोट फिरवून बघा. खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो. दुसऱ्यांदा घर निघण्याआधी: बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडेच जातंय का बघा. छताच्या सांध्यांवर अर्धा तास पाइप धरायला लावा.

मोठी खिडकी नैर्ऋत्येला ठेवू नका, आपला पाऊस तिकडूनच झोडपतो. शोषखड्डा आणि पाण्याची लाइन घर येण्याआधी तयार हवी. शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस झाल्यावरच द्यायचा, हे करारात लिहून घ्या.