पोफळी आडव्या झाल्यावर काय करायचं

गेल्या महिन्यात भाचीचा हिंजवडीहून रात्री पावणेअकराला फोन आला. कंपनीत माणसं कमी करायला लागलेत, दर शुक्रवारी कोणाकोणाला आत बोलावतात, आपली पाळी कधी येईल कळत नाही. तिला एकाच वेळी फ्लॅट विकायचा होता, कॅनडाला जायचं होतं आणि शाळेत शिक्षिकाही व्हायचं होतं. शेवटी म्हणाली, "मावशी, वादळानंतर तुम्ही काय काय केलंत ते सांग ना. नुसता धीर नको देऊस."

धीर द्यायला मला जमतही नाही. काय केलं ते लिहिते.

आमची दिवेआगरला तीस गुंठे वाडी. ३ जून २०२०ला, बुधवारी दुपारी, निसर्ग वादळ आलं. सकाळी ३४० पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आणि ३८ माड उभे होते. वारा थांबल्यावर मागचं दार ढकलून बाहेर आलो तर समोर आकाश. लग्न होऊन आल्यापासून त्या दारातून मी आकाश असं सलग कधी पाहिलंच नव्हतं. आधी झाडं पडल्याचं लक्षात आलं नाही, उजेड एवढा कसा हेच कळेना.

पहिली गोष्ट, सुतक धरा. थट्टा करत नाहीये. नवव्या दिवशी एक माणूस गाडीतून आला, वाडीभर नजर फिरवली आणि जागेचा भाव सांगितला. आकडा ऐकून ह्यांचा चेहरा जरा सैल पडला. मलाही वाटलं, सुटलो. सासूबाई पडवीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माणूस गेलं तर तेरा दिवस आपण कुठलं शुभकार्य काढत नाही, व्यवहार काढत नाही. इथे तीनशे झाडं गेलीत आणि तुम्ही नवव्या दिवशी जमिनीचा सौदा करायला बसलात?" माणूस चहा पिऊन गेला. त्याच संध्याकाळी कॅलेंडरवर २२ ऑगस्टला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोल केला. तोवर विक्री नाही, कर्ज नाही, मुंबईला मुलाकडे कायमचं जायचं बोलणं नाही.

तारीखच ठरवा. "बघू, जरा थांबू" याला काही अर्थ नसतो, रात्री अडीच वाजता तेच दळण पुन्हा सुरू होतं. तारीख असली की डोक्याला सांगता येतं, अमुक दिवशी बोलू. दोन-अडीच महिने पुरतात. आणि सुतकातही चूल पेटते हे विसरू नका. गळकं छप्पर, गोठ्यातली गाय, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, ह्या गोष्टी त्याच दिवशी करायच्या. आम्ही कागदाचे दोन भाग केले, एकावर "आज" आणि दुसऱ्यावर "गणपतीनंतर". भाचीला हेच सांगितलं. राजीनामा लिहून द्या म्हणाले तर त्या खोलीत सही करायची नाही, कागद घरी आणायचा, दोनदा वाचायचा, जाणत्या माणसाला दाखवायचा. फ्लॅट आणि कॅनडा दुसऱ्या भागात. पण स्वतःचा आरोग्य विमा मात्र "आज"मध्ये, कारण कंपनीचा विमा बहुधा नोकरीबरोबर जातो.

मग मोजणी. आठवडाभर आम्ही "सगळं गेलं" एवढंच म्हणत होतो. दहाव्या दिवशी ह्यांनी वही घेतली आणि मी गेरूचा डबा. उभ्या झाडाला गेरूचं बोट, मुळासकट उपटलेल्याला फुली, आणि कललेलं पण मूळ धरून असलेलं दिसलं तर त्याला सुंभ बांधायचं. चिखलात, पडलेल्या झावळ्यांवरून, एकेक झाड. दोन दिवस लागले. सुंभवाली धरून ५७ पोफळी आणि २१ माड राहिले होते. आकडा वाईटच होता, पण त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो. कललेल्या तरण्या पोफळींना बांबूचे टेकू दिले, बुंध्याशी माती ओढली, त्यातल्या बऱ्याच जगल्या. भाचीनेही मोजलं. हप्ता, सोसायटीचा खर्च, किराणा, मुलाची फी, आणि समोर खात्यातली शिल्लक. पीएफला हात न लावता सात महिने निघाले. फोनवर ती "रस्त्यावर येणार" म्हणत होती.

आता मूल्यांचं. हा शब्द मला भाषणातला वाटतो. आमच्याकडे "ते आपल्यात बसत नाही" म्हणतात आणि विषय संपतो. अडचणीच्या वेळी काय करायचं याची यादी लांबते, म्हणून मी उलटी यादी करते, कितीही अडलं तरी काय करायचं नाही. तीन ओळी पुरे. आमच्या होत्या, गड्याची मजुरी थकवायची नाही, विहिरीवर आलेल्याला पाणी नाही म्हणायचं नाही, खोटं लिहून द्यायचं नाही.

तिसऱ्या ओळीची परीक्षा लगेच झाली. पंचनाम्याला आलेल्यांपैकी एकाने चांगुलपणानेच विचारलं, "काकू, साडेतीनशे पडली लिहू का? मोजायला कोण येतंय?" मदत जाहीर झाली होती हेक्टरी ५०,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. आमच्या तीस गुंठ्यांना म्हणजे साधारण १५,०००. गुंठ्यांत वाड्या असणाऱ्या कोकणात हेक्टरचा हिशोब किती तोकडा पडतो ते ज्याचं त्याला ठाऊक. एवढ्या तोकड्या मदतीत थोडं वाढवून लिहिलं तर पाप कसलं, असं माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू. ह्यांनी वही उघडून दाखवली, २८३ पोफळी, १७ माड. मोजणीचा हा दुसरा उपयोग, आकडा वहीत असला की जीभ घसरत नाही.

पण मी काही देवमाणूस नाही. छपराची कौलं उडाली होती, पाऊस तोंडावर, आणि ताडपत्री सोन्याच्या भावात. आमच्याकडे दोन होत्या. एक घातली, दुसरी मी माळ्यावर गोणपाटाखाली सरकवून ठेवली, लागली तर असू दे म्हणून. पलीकडे जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात पाणी गळत होतं. भिंतीपलीकडून पातेली सरकवल्याचे आवाज रात्रभर ऐकू यायचे. दोन रात्री ऐकले. तिसऱ्या दिवशी ताडपत्री नेऊन दिली. त्यांनी घेतली, घडीवरची धूळ बघितली आणि विचारलं, "आज सापडली वाटतं?" यादीत चौथी ओळ तेव्हा आली, वर दडवून ठेवायचं नाही. ओळी अशाच येतात, एकदा चुकल्यावर.

दिवसाचं वेळापत्रक हा भाग छोटा आहे. आमच्या आळीत महिन्याच्या वर वीज नव्हती, फोन बंद, त्यामुळे बातम्या दिवसातून एकदा, सेलवरच्या रेडिओवर. तेव्हा वैताग यायचा. आता वाटतं बरंच झालं. तिन्हीसांजेला दिवा लावायचा, शुभंकरोति म्हणायचं, आठला आडवं व्हायचं. भाचीला म्हटलं, फोन रात्री स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर ठेव आणि नोकरीचं काय ते बघणं सकाळी एक तास. ती अर्धं ऐकते.

सगळ्यात कामाची गोष्ट आता सांगते. घाई करून उपयोगच होणार नाही असं एखादं काम हातात घ्या. आमच्याकडे ते आपसूक आलं. रोपं बाहेरूनही मिळत होती, पण जी झाडं त्या वाऱ्यात उभी राहिली त्यांचंच बी धरायचं असं ह्यांच्या डोक्यात बसलं. त्यासाठी हिवाळ्यापर्यंत थांबावं लागलं. जानेवारीत पूर्ण पिकलेली, वजनदार फळं निवडली, न सोलता वाळूच्या वाफ्यात देठाची बाजू वर करून लावली, वर वाळूचा पातळ थर आणि गवत. पाणी नेमाने, पण साचू द्यायचं नाही. दीड-दोन महिने काहीच दिसत नाही. मी एकदा राहवलं नाही म्हणून उकरून बघितलं, त्या फळाला कोंब आलाच नाही. मार्चमध्ये बाकीच्यांचे हिरवे कोंब दिसले. दोन पानं झाल्यावर पिशव्यांत. वर्ष-दीड वर्ष पिशवीत राहतात.

तोवर वाडीत ऊन होतं. पोफळीचं खोड उन्हाने भाजतं, नैऋत्येकडून तर फारच, म्हणून आधी केळी लावायच्या. लावल्या. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने वर गेलं आणि त्या केळी आडव्या झाल्या. पिशव्यांतली वीतभर रोपं जमिनीलगत होती, त्यांना काही झालं नाही. ह्यांनी केळी परत लावल्या. मी त्या दिवशी बोलले नाही कोणाशी. कॅलेंडरवर नवा गोल मात्र करावा लागला नाही. पोट भरायला मधल्या मोकळ्या जागेत हळद आणि सुरण घातलं. इतकी वर्षं सावलीमुळे हळद धड होत नव्हती, ती त्या उन्हात चांगली झाली. पडलेल्या पोफळींच्या खोडांची पन्हळं केली, कुंपण केलं, उरलेली मांडवाला दिली.

२०२२च्या पावसात १८० रोपं जमिनीत गेली, नऊ-नऊ फुटांवर. पोफळ पाच ते सात वर्षांनी धरते. अजून पोय, म्हणजे फुलोरा, दिसलेली नाही. जागेचा भाव सांगणारा तो माणूस मात्र त्या गणपतीनंतर पुन्हा आला होता. तोपर्यंत आमचं बोलून झालं होतं, विकायची नाही. तुमचं बोलून "विकायची" असं ठरलं तर विका. ते नवव्या दिवशी ठरू नये, एवढंच.

भाचीला कंपनी शेवटी काढणार की ठेवणार, ते अजून ठरायचंय. तिची तारीख दिवाळीची आहे. तिने उलटी यादी लिहून फ्रिजवर लावलीय आणि फोटो पाठवला. पहिली ओळ, टीममधल्या कोणाचं काम माझं म्हणून सांगायचं नाही. दुसरी, मुलावर ओरडायचं नाही. ही दुसरी दोनदा खोडून परत लिहिलेली दिसते.

ताडपत्री जाऊबाईंकडेच आहे. दर जूनला त्या ती अंगणात वाळत घालतात, बरोबर आमच्या पायरीसमोर, आणि मागायची माझी अजून हिंमत झालेली नाही.