‘कार्व्ह’ला मराठी क्रियापद कसं शोधावं

आधी ज्या इंग्रजी मजकुराचा अनुवाद करायचाय त्याचं साल पाहा. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण ११०० पर्यंत, हे क्रियापद ‘चेओर्व्हन’ होतं आणि त्याचा अर्थ सरळ ‘कापणे’. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्याच्या १५९०व्या ओळीत मेलेल्या ग्रेंडेल राक्षसाचं डोकं उडवलं जातं, तिथलं ‘बेचेआर्फ’ याच धातूचं. तिथे ‘कोरलं’ लिहिलंत तर डोक्यावर नक्षी काढल्यासारखं वाटेल. ‘मुंडकं छाटलं’ हेच बरोबर. १३०० च्या सुमारास ‘कट’ रुळू लागला, नेहमीचं कापणं हळूहळू त्याच्याकडे गेलं, आणि ‘कार्व्ह’कडे मुख्यतः कोरीवकाम आणि भाजलेल्या मांसाचे काप काढणं उरलं.

साल कळलं की काय कापलंय आणि कशाने, ते पाहा. आपल्या कोकणात एका घरात हे सगळे शब्द रोज वापरात असतात. भात विळ्याने कापतात, भाजी विळीवर चिरतात, सुपारी अडकित्त्याने कातरतात, शहाळं कोयत्याने तासतात. शहाळं तासताना हात नीट पाहा: घाव तिरका, साल पातळ उतरते, आतलं पाणी सुटत नाही. तोच घाव सरळ बसला तर ते ‘तोडणं’ झालं. अनुवादातही घावाची दिशा ओळखा. सुताराने आकार काढला असेल तर ‘तासणे’ किंवा ‘कोरणे’, धड वेगळं झालं असेल तर ‘छाटणे’.

व्युत्पत्ती शोधताना हमखास होणारी चूक म्हणजे ‘कार्व्ह’ आणि संस्कृत ‘कर्तरी’ (कात्री) जोडणं. दोन्हीकडे ‘क’ दिसतो, पण नातं नाही. अस्सल इंग्रजी ‘क’समोर संस्कृतात बहुधा ग किंवा ज येतो: काउ–गो, ‘नी’ म्हणजे गुडघा, त्याचा उच्चार पूर्वी ‘क्नी’, समोर जानु. म्हणून ‘कार्व्ह’चा नातलग ‘ग’कडे शोधा, ग्रीक ‘ग्राफेइन’ सापडतो, मूळ अर्थ ओरखडणे, मग लिहिणे. ‘फोटोग्राफ’मधला ग्राफ तोच. आपली कात्री मात्र कर्तरीची, आणि ‘तासणे’ संस्कृत तक्ष् धातूचं; ‘क्ष’चा मराठीत ‘स’ किंवा ‘श’ कसा झाला हे पाहायचं तर क्षेत्र–शेत, मक्षिका–माशी या जोड्या शेजारी मांडा.

राहिला ‘चेओर्व्हन’मधल्या ‘च’चा ‘कार्व्ह’मध्ये झालेला ‘क’. भूतकाळाची रूपं ‘कुर्व्हन’, ‘कोर्व्हेन’ अशी होती. तिथला ‘क’ पुढे मूळ रूपातही शिरला, असं मानतात. कोशात फक्त वर्तमानकाळाचं रूप पाहिलंत तर हा दुवा हातून निसटतो.