आयसीयूतलं डोसचं गणित: या चुका टाळा

"नॉरअ‍ॅड पाचवर आहे." शिफ्ट बदलताना ओव्हर घेताना नॉरअ‍ॅडबद्दल, म्हणजे बीपी टिकवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनबद्दल, हे ऐकलं की मी लगेच विचारते, पाच काय? एमएल की मायक्रोग्रॅम? आणि सिरिंजमध्ये भरलंय किती?

ही सवय मला पुण्यातल्याच एका आयसीयूत, एका नाइटनं लावली. आधीच्या शिफ्टनं ५० एमएलच्या सिरिंजमध्ये ८ मिलिग्रॅम नॉरअ‍ॅड भरलं होतं. ती संपत आली तशी मी नेहमीसारखी ४ मिलिग्रॅमची लावली आणि पंपाचा रेट तोच ठेवला, तासाला ५ एमएल. पेशंटपर्यंतच्या एक्स्टेन्शन लाइनमध्ये जुनंच औषध उरलेलं, त्यामुळे थोडा वेळ सगळं ठीक दिसलं. मग बीपी घसरायला लागलं. मी बीपी मोजणारा ट्रान्सड्यूसर तपासतेय, लाइन बघतेय. इनचार्ज सिस्टर आल्या आणि त्यांनी फक्त सिरिंजवरचं लेबल वाचलं. "अगं, डोस निम्मा केलास की!" पेशंट साठ किलोचा. मिनिटाला किलोमागे ०.२२ मायक्रोग्रॅम जात होतं, ते ०.११ वर आलं होतं. माझं गणित चुकलं नव्हतं. मी ते केलंच नव्हतं.

आधी अदमास, मग कॅल्क्युलेटर

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: डोस गुणिले वजन गुणिले ६०, भागिले एका एमएलमधले मायक्रोग्रॅम. ५० एमएलमध्ये ४ मिलिग्रॅम म्हणजे एमएलला ८० मायक्रोग्रॅम. साठ किलोला ०.१ चा डोस म्हणजे मिनिटाला ६ मायक्रोग्रॅम, तासाला ३६०, म्हणून रेट ४.५ एमएल. आता ६० नं गुणायचं राहिलं तर उत्तर ०.०७५ येतं आणि दशांश सरकला तर ४५. "चार-पाचच्या आसपास यायला हवं" एवढं आधी डोक्यात असेल तर दोन्ही उत्तरं पंपावर जाण्याआधी खटकतात. मी स्वारगेट-हडपसर बसमध्ये उलटं गणित करते: एमएलवरून डोसकडे. सराव त्यानंच टिकतो.

नॉरअ‍ॅडच्या अँप्युलवरचा आकडा बेसचा (मूळ औषधाचा) आहे की बायटार्टरेटचा (त्याच्या क्षाराचा), तेही बघा. २ मिलिग्रॅम बायटार्टरेट म्हणजे साधारण १ मिलिग्रॅम बेस.

व्हायल वाचताना

हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) दोन व्हायल, दोन्ही ५ एमएलच्या. एकीत एमएलला १००० युनिट, दुसरीत ५०००. म्हणजे ५००० हा आकडा एकीवर पूर्ण व्हायलचा असतो आणि दुसरीवर एका एमएलचा. फरक पाचपट.

इन्सुलिनची चूक जास्त छुपी. ५० युनिट ५० एमएलमध्ये घ्यायचेत आणि व्हायल ४० ची (एमएलला ४० युनिट) आहे, तर १.२५ एमएल लागतं. घाईत १०० ची (एमएलला १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची) सिरिंज हाती आली आणि ५०च्या खुणेपर्यंत भरली, की आत जातात फक्त २० युनिट. रात्रभर शुगर उतरत नाही, रेट वाढत जातो. सकाळची सिस्टर नवी सिरिंज बरोबर भरते, रेट मात्र रात्रीचाच राहतो, आणि पेशंटची शुगर धाडकन खाली येते. दोष मात्र तिच्यावर!

पोटॅशियम क्लोराइडची १५ टक्क्यांची १० एमएल अँप्युल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. डायल्यूट केल्याशिवाय द्यायचं नाही, पुश (सिरिंजनं थेट शिरेत) तर कधीच नाही. यावर चर्चा नको.

वजन

भोर-वेल्ह्याकडून रेफर होऊन आलेल्या पेशंटच्या कागदावर वजन पुष्कळदा मराठी आकड्यांत असतं. आपल्याकडे बाहेरच्या राज्यांतल्या सिस्टर बऱ्याच. आपला ४ त्यांना इंग्रजी आठसारखा दिसतो, १ तर हुबेहूब इंग्रजी नऊ. ४१ किलोची आजी क्षणात एकोणनव्वदची होते आणि वजनावर ठरणारं प्रत्येक इन्फ्युजन दुपटीहून जास्त. म्हणून कागदावरून वजन उतरवणाऱ्यानं ते मोठ्यानं म्हणायचं, बेडपाशी उभं राहून, आजीकडे बघत.